हौशी फुटबॉलपटूने क्लब कसा बदलावा : ना हरकत पत्रापासून पहिल्या सामन्यापर्यंत

एखाद्या खेळाडूने क्लब बदलला असे आपण म्हणतो, तेव्हा नियमांच्या भाषेत एकच गोष्ट घडलेली असते. एका क्लबच्या नावावर असलेली त्याची नोंदणी दुसऱ्या क्लबच्या नावावर गेलेली असते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या नोंदणीभोवती करार, मोबदला, एजंट आणि वकील असा मोठा पसारा उभा राहतो, आणि म्हणून वर्तमानपत्रात बातमी येते ती रकमेची. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, मुंबईच्या कुपरेजवर किंवा गोव्यातल्या एखाद्या गावच्या मैदानावर खेळणाऱ्या हौशी खेळाडूजवळ यातले काहीच नसते. त्याच्या हातात असते ती केवळ नोंदणी, आणि ती वेळेवर व नीट हलवली नाही, तर चांगला खेळ अंगात असूनही अख्खा हंगाम त्याला प्रेक्षकांत बसून काढावा लागतो. ही प्रक्रिया कोणत्या क्रमाने करावी, कुठे अडकण्याची शक्यता असते आणि क्लबच्या सचिवांनी कोणती कागदपत्रे जपावीत, हे या लेखात सांगितले आहे.

आधी आपला दर्जा ओळखा

फिफाच्या खेळाडूंचा दर्जा व हस्तांतरणविषयक नियमावलीत खेळाडूंचे दोनच प्रकार आहेत. ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळासाठी प्रत्यक्ष होणाऱ्या खर्चापेक्षा अधिक रक्कम मिळते, तो व्यावसायिक. बाकीचे सगळे हौशी. व्याख्येतल्या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात, हे ध्यानात घेतले तर बरेच गैरसमज दूर होतात. क्लबने प्रवासभाडे दिले, बूट घेऊन दिले किंवा बाहेरगावच्या खेळाडूची राहण्याची सोय केली, म्हणून तो व्यावसायिक ठरत नाही.

मधली जागा मात्र निसरडी आहे. हौशी म्हणून नोंदलेल्या खेळाडूला सामन्यामागे काही रोख हातात पडते, ही गोष्ट स्थानिक फुटबॉलमध्ये कोणालाच नवी नाही. असा खेळाडू कागदोपत्री हौशीच राहतो, आणि त्याचा तोटा हंगामाच्या शेवटी कळतो. तोंडी ठरलेले मानधन थकले, तर ते वसूल करण्यासाठी दाखवायला त्याच्याकडे काहीच नसते. उलट, क्लबने मुद्रांक कागदावर मासिक रक्कम आणि मुदत लिहून सही घेतली असेल, तर मथळ्यात ‘करार’ हा शब्द असो वा नसो, तो करार मानला जाऊ शकतो, आणि मग हौशी खेळाडूचा सोपा मार्ग बंद होतो. म्हणून क्लब सोडण्याचा विचार मनात आला की पहिले काम म्हणजे आपण आजवर कशाकशावर सह्या केल्या आहेत ते शोधून काढणे. प्रत नसेल तर क्लबकडे मागावी, आणि तीही लेखी मागावी.

करार निघालाच, तर दोन नियम माहीत असू द्यावेत. करार संपायला सहा महिन्यांहून कमी काळ उरला असेल, किंवा तो संपलेला असेल, तरच व्यावसायिक खेळाडूला दुसऱ्या क्लबशी करार करता येतो. मुदत संपल्यावर जुन्या क्लबला त्याच्यासाठी हस्तांतरणाची रक्कम मागता येत नाही. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपात रुजवलेले हे तत्त्व पुढे फिफाच्या नियमांत आले. व्यावसायिक खेळाडूला पुन्हा हौशी व्हायचे असेल, तर व्यावसायिक म्हणून खेळलेल्या शेवटच्या सामन्यानंतर किमान ३० दिवस थांबावे लागते. व्यावसायिक लीगमध्ये एखादा हंगाम काढून घरच्या क्लबकडे परतणारे खेळाडू हे ३० दिवस विसरतात.

आपली फाइल कोणत्या कार्यालयात आहे

महाराष्ट्राचे फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘विफा’च्या अखत्यारीत येते. ही संस्था १९११ पासूनची आहे. तिच्या छत्राखाली जिल्हा संघटना आहेत, कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन अर्थात केएसए आहे, आणि या सर्वांच्या वर १९३७ मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आहे. क्रिकेटमध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन वेगळ्या संघटना असल्यामुळे अनेकांना फुटबॉलमध्येही तसेच असेल असे वाटते, तसे नाही. त्यामुळे नागपूर किंवा कामठीचा खेळाडू सुमारे आठशे किलोमीटर दूर मुंबईला आला, तरी ते राज्यांतर्गत हस्तांतरण होते. पण सावंतवाडीचा मुलगा तासाभराच्या अंतरावरील म्हापशाच्या क्लबकडून खेळू लागला, तर तो गोवा फुटबॉल असोसिएशनच्या हद्दीत गेला, आणि प्रकरण आंतरराज्य झाले. आंतरराज्य बदलात दोन्ही राज्य संघटनांचा संबंध येतो, कागद दोन टेबलांवरून फिरतात आणि त्याला जास्त दिवस लागतात. सिंधुदुर्गातल्या खेळाडूंनी गोव्यात खेळायचे ठरवले, तर इतरांपेक्षा लवकर हालचाल सुरू करावी.

मुंबईत आणखी एक वेगळी परिस्थिती आहे. रेल्वे, बँका आणि सार्वजनिक कंपन्यांचे संघ हा या शहराच्या फुटबॉलचा जुना कणा आहे. क्रीडा कोट्यातून नोकरी लागलेल्या खेळाडूच्या बाबतीत नोंदणी आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. संघटनेच्या नियमांनुसार तो क्लब बदलू शकत असला, तरी नोकरीच्या अटींत कार्यालयाच्या संघासाठीच खेळण्याचे बंधन असू शकते, आणि त्याची परवानगी फुटबॉल संघटना देऊ शकत नाही. तिथे आधी नियुक्तिपत्र वाचावे आणि मग क्रीडा विभागाशी बोलावे.

नाव, जन्मतारीख आणि ओळख क्रमांक

महासंघाची केंद्रीय नोंदणी प्रणाली आहे. तिला सगळे सीआरएस म्हणतात. या प्रणालीत खेळाडूला ओळख क्रमांक मिळतो, आणि क्लब बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. नोंदणीतला सर्वात मोठा घोळ इथे होतो, आणि तो आपल्याकडे विशेष प्रमाणात होतो, कारण आपली नावे लिहिण्याची पद्धत एकसारखी नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असते, आधार कार्डावर शेवटी असते; कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे ते गाळलेले असते. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत ‘डी’ने सुरू करायचे की ‘जी’ने, हे त्या त्या कारकुनाच्या मर्जीवर ठरलेले असते. नव्या क्लबच्या कार्यकर्त्याने जुना क्रमांक न विचारता वेगळ्या स्पेलिंगने नवी नोंद केली, की एकाच खेळाडूचे दोन क्रमांक तयार होतात. एका क्रमांकावर तो जुन्या क्लबचा राहतो आणि दुसऱ्यावर नव्याचा होतो. प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली, तर हा घोळ मुद्दाम केला नव्हता हे सिद्ध करण्याची वेळ खेळाडूवर येते.

यावर उपाय साधा आहे. जन्मदाखला, आधार आणि असल्यास पासपोर्ट समोर ठेवून तिन्हींवरची अक्षरे एकेक करून जुळवावीत. फरक असेल तर तो हंगाम संपल्याबरोबर दुरुस्त करून घ्यावा. नोंदणीची मुदत जवळ आल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही. आपला ओळख क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये आणि घरच्या वहीत, दोन्हीकडे लिहून ठेवावा. तो फक्त सचिवांनाच ठाऊक असतो, अशी स्थिती अनेक संघांत आहे, आणि ती खेळाडूच्या मुळीच हिताची नाही. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेल्या जन्मदाखल्यावर वयोगटाच्या स्पर्धांत प्रश्न विचारले जातात, तेव्हा शाळेच्या पहिल्या प्रवेशाचा उताराही हाताशी असलेला बरा.

काही स्थानिक स्पर्धांत अजून छापील अर्जावरच नोंदणी होते. तिथे भरलेली माहिती आणि प्रणालीतील माहिती अक्षरशः एकच असली पाहिजे.

केव्हा निघावे

व्यावसायिक फुटबॉलच्या हस्तांतरण खिडक्या, म्हणजे खेळाडूंची नोंदणी करता येण्याचे ठरावीक काळ, टीव्हीमुळे घरोघरी माहीत झाल्या आहेत, आणि त्यामुळे उलटाच गोंधळ झाला आहे. फिफाच्या नियमांनुसार, ज्या स्पर्धेत फक्त हौशी खेळाडूच खेळतात, तिला या खिडक्या लागू होत नाहीत. तिच्यासाठी नोंदणीचा काळ राष्ट्रीय संघटनेने ठरवायचा असतो, आणि खाली आपल्या जिल्हा संघटनेचे परिपत्रक त्याच्या तारखा सांगते. म्हणून टीव्हीवर ऐकलेली ३१ ऑगस्ट ही तारीख धरून बसू नये. आपल्या लीगचे परिपत्रक मिळवावे आणि त्यात तीन तारखा शोधाव्यात : जुन्या क्लबमधून मुक्त होण्याची शेवटची तारीख, नव्या नोंदणीची शेवटची तारीख, आणि हंगामाच्या मध्यात बदल करता येत असेल तर त्याचा काळ. पहिली तारीख बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

एका हंगामात खेळाडू जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदला जाऊ शकतो आणि त्यांपैकी दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळू शकतो, ही फिफाची सर्वसाधारण मर्यादा आहे. स्थानिक लीगचे नियम याहून कडक असू शकतात. बदली खेळाडू म्हणून शेवटची दोन मिनिटे मैदानात उतरले, तरी त्या क्लबकडून सामना खेळल्याची नोंद होते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात जुन्या क्लबला माणसे कमी पडतात, सचिव फोन करून ‘एकच सामना खेळ, मग जा’ असे सांगतात, आणि खेळाडू भिडेखातर उतरतो. अशी भीड हंगामभर महागात पडते.

फुटसालची, म्हणजे लहान मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलची, गोष्ट वेगळी आहे. अकरा जणांच्या फुटबॉलसाठी एका क्लबकडे आणि फुटसालसाठी दुसऱ्या क्लबकडे एकाच वेळी नोंदणी करता येते. टर्फवरच्या पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या बक्षिसी स्पर्धा मात्र बहुधा संघटनेच्या मान्यतेबाहेर असतात. त्यांत खेळण्यापूर्वी आपल्या लीगचा नियम आणि क्लबची परवानगी पाहावी, आणि तिथे गुडघा दुखावला तर क्लबकडून उपचारखर्चाची अपेक्षा धरू नये.

बोलणी आणि सह्या

कोल्हापुरात नोंदणीच्या काळात कोण पाटाकडील तालमीच्या क्लबात गेला, कोण दिलबहार क्लबमध्ये आला, प्रॅक्टिस क्लबने कोणाला घेतले, याची चर्चा पेठापेठांत रंगते आणि स्थानिक वृत्तपत्रे खेळाडूंच्या याद्या छापतात. दुसऱ्या संघाचा खेळाडू गळाला लावणे याला तिथे सरळ ‘खेळाडू फोडणे’ म्हणतात. या ईर्षेत मजा आहे, आणि तीच तिथल्या फुटबॉलची ताकदही आहे. पण सही करणारा मुलगा अठरा-वीस वर्षांचा असतो आणि त्याच्याभोवती बसलेली माणसे पन्नाशीची असतात. अशा बैठकीत कोणत्याही कोऱ्या अर्जावर सही करू नये. ‘तू सही कर, बाकीचे आम्ही भरतो’ हे वाक्य ऐकले की अर्ज घरी घेऊन यावा. हंगामाचे वर्ष, क्लबचे नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने भरून मगच सही करावी, आणि लगेच फोनने त्याचा फोटो काढून ठेवावा.

दोन क्लबांना सह्या देणे हा याहून मोठा धोका आहे. एकीकडे शब्द दिलेला असतो, दुसरीकडे मित्र ओढतात, आणि दोन्ही अर्ज संघटनेच्या टेबलावर येतात. मग दोन्ही क्लब भांडतात, निकाल लागेपर्यंत खेळाडू बाहेर राहतो, आणि निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी शिक्षा होण्याची शक्यता त्याच्यावरच अधिक असते. खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे नोंदला जाऊ शकतो, हा नियम जिल्ह्यापासून फिफापर्यंत सगळीकडे सारखा आहे.

नव्या क्लबशी बोलताना पैशाआधी दुखापतीचे विचारावे. शस्त्रक्रिया करावी लागली तर खर्च कोण करणार, विमा आहे का, सरावाच्या काळातली दुखापत त्यात येते का, हे प्रश्न विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही. प्रवासखर्च आणि किटबाबत जे ठरेल, ते निदान व्हॉट्सॲपवर संदेशाच्या रूपाने असावे.

जुन्या क्लबला पत्र

क्लब सोडण्याची गोष्ट जुन्या सचिवांना आपल्याकडून आणि आधी कळली पाहिजे. समाजमाध्यमावरच्या नव्या जर्सीतल्या फोटोवरून ती कळली, तर ना हरकत पत्राची वाट पाहण्यात महिना जाऊ शकतो. प्रत्यक्ष भेटून सांगावे आणि त्याच भेटीत पत्र द्यावे. पत्राचा नमुना असा ठेवता येईल :

‘प्रति, मा. सचिव, … क्लब. विषय : चालू हंगामानंतर नोंदणीतून मुक्त करण्याबाबत. महोदय, मी … या हंगामापासून आपल्या क्लबकडून ओळख क्रमांक … ने नोंदलेला हौशी खेळाडू आहे. क्लबशी माझा कोणताही लेखी आर्थिक करार नाही. क्लबचे साहित्य (जर्सी दोन, ट्रॅकसूट एक, बॅग एक) मी दि. … रोजी जमा केले असून पोच सोबत जोडली आहे. पुढील हंगामात मी अन्य क्लबकडून खेळू इच्छितो. तरी दि. … पासून मला नोंदणीतून मुक्त करून तसे ना हरकत पत्र द्यावे, ही विनंती.’

या पत्राच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर सही, तारीख व शिक्का घ्यावा. सचिव टाळाटाळ करत असतील, तर तेच पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने पाठवावे. पत्रात नव्या क्लबचे नाव लिहिण्याची गरज नाही, आणि रागाचे किंवा तक्रारीचे एकही वाक्य लिहू नये. हा कागद उद्या संघटनेच्या समितीपुढे वाचला जाऊ शकतो. साहित्याचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे, कारण ना हरकत पत्र अडवण्याचे सर्वात नेहमीचे कारण ‘किट परत केले नाही’ हेच असते.

उत्तरादाखल मिळणाऱ्या ना हरकत पत्रावर लेटरहेड, जावक क्रमांक, खेळाडूचे पूर्ण नाव व ओळख क्रमांक, मुक्ततेची निश्चित तारीख आणि अधिकृत सही-शिक्का हवा. ‘आमची हरकत नाही, मात्र रक्कम भरल्यावर’ अशी अट घातलेले पत्र नव्या क्लबच्या उपयोगाचे नसते. हौशी खेळाडूच्या मुक्ततेसाठी क्लब पैसे मागत असेल, तर लेखी मागणी द्या असे शांतपणे म्हणावे. बहुतेक वेळा ती लेखी येत नाही. आली, तर पत्राची पोच आणि ती मागणी जोडून जिल्हा संघटनेच्या सचिवांकडे अर्ज करावा, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्य संघटनेकडे जावे. थेट न्यायालयाची भाषा करू नये. फुटबॉल संघटनांच्या नियमांत वाद आधी संघटनेच्या समित्यांपुढेच नेणे अपेक्षित असते, आणि हंगाम हातचा जाऊ द्यायचा नसेल तर तोच मार्ग जवळचा आहे.

कागदी पत्र मिळाले की काम झाले असे समजू नये. प्रणालीतही जुन्या क्लबची नोंद संपुष्टात आली आहे ना, हे स्वतः पाहावे.

नवी नोंदणी आणि पहिला सामना

नवा क्लब अर्ज भरतो, कागद जोडतो आणि संघटना मंजुरी देते. मंजुरी येईपर्यंत सराव करण्यास हरकत नाही, सामना मात्र खेळू नये. मैत्रीपूर्ण सामन्याबाबतही संघटनेला विचारलेले बरे. ‘फॉर्म टाकलाय, होईल’ या आश्वासनावर उतरलेल्या एका खेळाडूमुळे संघाचे गुण जाऊ शकतात, आणि असे गुण गमावलेला संघ त्या खेळाडूला वर्षानुवर्षे विसरत नाही.

जुन्या क्लबकडून खेळताना मिळालेले निलंबन क्लब बदलल्याने धुतले जात नाही. देशांतराच्या बाबतीत फिफाचा नियम स्पष्ट आहे : चार सामन्यांपर्यंतची किंवा तीन महिन्यांपर्यंतची उरलेली शिक्षा नव्या संघटनेने अमलात आणायची असते. देशात तर ते त्याहून सहज घडते, कारण लाल कार्ड दाखवल्याचा अहवाल त्याच कार्यालयात पडलेला असतो. मागच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मिळालेले लाल कार्ड नव्या प्रशिक्षकाला आपणहून सांगावे.

पहिल्या सामन्याच्या दिवशी संघाची यादी पंचांकडे जाण्याआधी त्यातले आपले नाव, जर्सी क्रमांक आणि ओळख क्रमांक पाहून घ्यावा. मूळ ओळखपत्र बॅगेत असावे.

वय अठराच्या आत असेल तर

अठरा वर्षांखालील खेळाडूच्या प्रत्येक कागदावर पालकांची सही लागते, आणि पालकांनी ती वाचून करावी. फिफाच्या नियमांनुसार अशा खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. प्रौढ खेळाडूसाठी ती मर्यादा साधारणपणे पाच वर्षांची आहे. दहावी-बारावीच्या वर्षी क्लब बदलताना सरावाच्या वेळा आणि प्रवास यांचा विचार नियमांपेक्षा अधिक करावा लागतो, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

परदेशाचे आमिष ही मात्र खरी काळजीची गोष्ट आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतरण फिफाच्या नियमांत मुळातच बंद आहे, आणि त्याला मोजके अपवाद आहेत : पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात सोळा ते अठरा वयोगटातला खेळाडू जात असेल, असे. सांगली-साताऱ्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाला यांतला कोणताही अपवाद सहसा लागू होत नाही. तेव्हा ‘काही लाख भरा, मुलाला युरोपातल्या क्लबमध्ये साइन करून देतो’ असे सांगणारा माणूस नियमांनी अशक्य असलेली वस्तू विकत असतो. सराव शिबिराला जाणे वेगळे आणि नोंदणी होणे वेगळे. पैसे नक्की कशासाठी मागितले जात आहेत ते कागदावर घ्यावे.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेल्यावर

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा आखातात नोकरीसाठी गेलेली आपली मुले तिथल्या गल्लीतल्या क्लबकडून खेळू लागतात. तिथल्या अर्जात ‘यापूर्वी दुसऱ्या देशात नोंदणी होती का’ असा प्रश्न असतो, आणि कटकट नको म्हणून ‘नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. भारतात नोंदणी झालेली असेल, तर हौशी खेळाडूलाही आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागते. ते आपण आणायचे नसते. नव्या देशाची संघटना भारताच्या महासंघाकडे फिफाच्या यंत्रणेतून मागणी करते आणि महासंघ ते पाठवतो. हे प्रमाणपत्र विनाअट, विनाशुल्क आणि मुदतीच्या बंधनाशिवाय द्यायचे असते, असे नियमात लिहिलेलेच आहे. ते मिळवून देण्यासाठी कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल, तर देऊ नयेत. आपण फक्त जुना ओळख क्रमांक, शेवटच्या क्लबचे नाव आणि शेवटच्या सामन्याची अंदाजे तारीख तयार ठेवावी.

जर्मनीत एकदा क्लबमध्ये दाखल झाल्यावर पुढे तो बदलायचा असेल, तर तिथली शिस्त आपल्यापेक्षा कडक आहे. उन्हाळ्यातल्या बदलासाठी हौशी खेळाडूने जुन्या क्लबमधून ३० जूनपर्यंत नाव काढून घ्यावे लागते आणि नव्या क्लबचा अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत पोहोचावा लागतो. हिवाळ्यासाठी याच तारखा ३१ डिसेंबर आणि ३१ जानेवारी आहेत. नाव काढल्याचे पत्र तिथे नोंदणीकृत टपालाने पाठवण्याची पद्धत आहे.

क्लबच्या सचिवांसाठी

आतापर्यंतचे सगळे खेळाडूच्या बाजूने लिहिले. पण लहान क्लबांचे सर्वात मोठे नुकसान खेळाडू गेल्याने होत नाही, तो आपल्याकडे होता हे सिद्ध करता न आल्याने होते. करार संपण्यापूर्वी व्यावसायिक खेळाडूचे रक्कम देऊन आंतरराष्ट्रीय हस्तांतरण झाले, तर त्या रकमेतला ५ टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आणि सोळा ते तेवीस या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी ०.५० टक्के, असे ते गणित आहे. समजा, भारतातून परदेशी क्लबकडे जाणाऱ्या खेळाडूसाठी १ कोटी रुपये मोजले गेले. तो बाराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत चार वर्षे तुमच्याकडे नोंदलेला असेल, तर तुमचा वाटा १ लाख रुपये होतो. सोळावे आणि सतरावे वर्षही तुमच्याकडेच गेले असेल, तर आणखी १ लाख. गल्लीतल्या क्लबसाठी हे चेंडूंचे, जाळ्यांचे आणि मैदानभाड्याचे पैसे आहेत. याशिवाय तेवीस वर्षांच्या आत खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक झाल्यास त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळणाऱ्या प्रशिक्षण मोबदल्याचा वेगळा हिशेब असतो, आणि भारतातल्या भारतात होणाऱ्या बदलांना महासंघाचे स्वतःचे नियम लागू होतात.

नोव्हेंबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय व्यवहारांतले हे पैसे पॅरिसमधील फिफा क्लिअरिंग हाउस या पैसे वाटणाऱ्या संस्थेमार्फत वाटले जातात, आणि कोणाचा किती वाटा हे खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून, म्हणजे तो कोणत्या काळात कोणत्या क्लबकडे नोंदला होता याच्या यादीवरून ठरते. हा पासपोर्ट संघटनांच्या नोंदींतूनच तयार होतो. ज्या वर्षी मुलगा तुमच्याकडे रोज सरावाला येत होता पण तुम्ही त्याची नोंदणी केली नव्हती, ते वर्ष त्या पासपोर्टमध्ये रिकामे दिसते. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळून दाखवले. आपल्या जिल्ह्यांतून तिथवर जाणारी मुले निघतात, तेव्हा ही तयारी अगदीच हवेतली नाही. महाराष्ट्रात बरीच मुले बाराव्या-तेराव्या वर्षी शाळेच्या संघातच घडतात, आणि शाळा किंवा खासगी अकादमी संघटनेशी संलग्न नसेल, तर तिला या वाट्यावर हक्क सांगता येत नाही. अशा शाळेजवळच्या तालमीने किंवा मंडळाने कुमार गटाचा संघ उतरवून त्या मुलांची रीतसर नोंदणी करणे दोघांच्याही हिताचे आहे.

यासाठी सचिवांनी प्रत्येक खेळाडूची एक फाइल ठेवावी. तिच्यात जन्मदाखल्याची प्रत, ओळख क्रमांक, दर हंगामाच्या नोंदणीच्या मंजुरीची छापील प्रत, खेळलेल्या सामन्यांच्या संघयाद्या आणि तो गेला असेल तर दिलेल्या ना हरकत पत्राची कार्यालयीन प्रत असावी. नोंदणी सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख दिवस-महिन्यासह लिहावी, कारण वर्षाचा काही भागच खेळाडू क्लबमध्ये असेल तर वाटाही त्या प्रमाणात मोजला जातो. क्लबचे बँक खाते क्लबच्याच नावाने असावे आणि संघटनेकडे दिलेला ईमेल कोणा एका पदाधिकाऱ्याचा खासगी नसावा, म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी आलेली सूचना वाचायला कोणीतरी असेल. खेळाडू तेवीस वर्षांचा झाला तरी फाइल लगेच रद्दीत घालू नये. तो पुढे अठ्ठाविसाव्या वर्षी परदेशी क्लबकडे गेला, तरी वाटा मोजताना त्याची बाराव्या वर्षापासूनची नोंदच पाहिली जाते.